न दुखणारे गुडघे

२ सप्टेंबर, सोमवार

पेशंटच्या फाइलीत लिहिता येत नाही असं बरंच काही डोक्यात साठतं, म्हणून ही वही. फाइलीत "मानदुखी, तीन महिने" एवढंच लिहायचं असतं. ती मान माझ्या नणंदेची आहे आणि दिवसभर शेजारच्यांच्या खिडकीत डोकावल्यामुळे दुखते, हे तिथे लिहिता येत नाही.

दवाखाना उघडून महिना झाला. आधी इथे शोभेच्या माशांचं दुकान होतं. भिंतींना दोनदा रंग दिला, तरी दुपारी खोली तापली की मासे वासाच्या रूपाने परत येतात. पण जागा घेतली ती एका गोष्टीवर डोळा ठेवून. रस्ता ओलांडला की समोर फुटबॉल क्लबचं फाटक आहे. जिथे एवढी पोरं धावतात तिथे काही ना काही मोडणारच, हा माझा व्यावसायिक आशावाद. नवरा म्हणाला, याला आशावाद नाही, गिधाडपणा म्हणतात. तो स्वतः विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो, त्यामुळे त्याने बोलू नये.

माझी लेक भिंगरी त्याच क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात आहे. सहा वर्षांची होती तेव्हापासून खेळते. एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलं. शाळेतलं नाव वेगळं आहे, ते आम्हालाही आठवावं लागतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मोठ्या अकादमीची निवड आहे आणि या संघातून एकीची झाली तर ती भिंगरीची, असं तिचे सर म्हणतात. सरांना मुली पाठीमागे "शिट्टी" म्हणतात, कारण बोलतानाही ते ती तोंडातून काढत नाहीत. सगळं नीट चाललं तर क्लबच्या फलकावर अधिकृत फिजिओ म्हणून माझं नाव लावू, असा शब्द त्यांनी मला दिलाय. पोरगी मैदानात आणि आई फलकावर. मला आणखी काय हवं?

६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला खरा गुडघा आला! संघाची गोलकीपर, ताडमाड उंच, टेबलावर झोपवली तर पाय हवेत. सोबत आई. मुलीने न अडखळता सांगितलं, "काकू, जिना उतरताना दुखतं, चढताना नाही. आणि खूप वेळ बसून उठलं की वाटीच्या मागे कळ येते." वा! माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना परीक्षेत हे असं लिहिता आलं नव्हतं.

मग तपासलं. वाकवला, वळवला, वाटी दाबली, एका पायावर बसवलं. गुडघा असा की शरीरशास्त्राच्या वर्गात नमुना म्हणून मांडावा. मी पट्टी आणायला वळले तेवढ्यात पोरगी टेबलावरून टुणकन उडी मारून त्याच पायावर उतरली आणि मग आठवण होऊन लंगडायला लागली.

मी स्वतःला समजावलं, कधी कधी कळ येते नि जाते. तीन आठवडे विश्रांती लिहून दिली. तिच्या आईचे डोळे भरून आले आणि मुलीचा चेहरा परीक्षा संपल्यासारखा खुलला. "तीनच?" एवढं तिने मात्र विचारलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तिसरा गुडघा. तिघींचीही अक्षरशः तीच तक्रार. जिना उतरताना, चढताना नाही, बसून उठताना वाटीच्या मागे. हल्लीच्या मुलांना बोलता येत नाही म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

जेवताना मी हे कौतुकाने सांगितलं. नवऱ्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "माझ्याकडे तीन ड्रायव्हरांनी एकच वाक्य सांगितलं की मी तिघांना विचारत नाही. चौथ्याला शोधतो, ज्याने ते शिकवलं." हा माणूस लग्नाच्या फोटोंकडेही संशयाने बघतो. मी त्याला म्हटलं, गुडघे आणि गाड्या यात फरक असतो, गुडघे खोटं बोलत नाहीत. भिंगरीला तेव्हाच जोरात ठसका लागला. पाठ चोळली तेव्हा थांबला. जेवताना बोलू नये हेच खरं.

२२ सप्टेंबर, रविवार

सामना. आमच्या बाजूने कडेला बावीस पालक आणि आत अकरा मुली. बोलण्याचं काम सगळं बाहेर. एक बाबा पहिल्या मिनिटापासून "पुढे, पुढे" करतात, त्यांच्या शेजारच्या आई "मागे, मागे", आणि दोघांची मुलगी एकच आहे. उंटावरून शेळ्या हाकण्याचा एवढा मोठा मेळावा दुसरीकडे बघायला मिळणार नाही. मी असला आरडाओरडा करत नाही. मी फक्त शास्त्रीय सूचना देते. "टाच, भिंगरी, टाच!" आणि "खांदे सैल!" एवढंच.

तीन गुडघे घरी बसल्यामुळे राखीव कोणी नाही. भिंगरी पूर्ण वेळ खेळली, तीही तीन वेगवेगळ्या जागांवर. गोल मारला आणि न हसता, न उड्या मारता माघारी चालत आली. किती परिपक्व झालीय. पूर्वी गोल झाला की मैदानभर हात पसरून धावायची, मग मला तिला परत बोलवावं लागायचं.

घरी येताना गाडीत मी तिच्या डाव्या टाचेबद्दल सांगत होते. ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. दमली असणार, म्हणून मी हळू आवाजात सांगितलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज भांडं फुटलं. चष्मेवाली एक आहे, कायम बाकावर बसणारी. गेल्या महिन्यात तिचा डावा गुडघा दुखत होता. आज उजवा घेऊन आली. मी तिच्या आईला बाहेर बसवलं, दार लावलं आणि म्हटलं, "बाळ, कुठला पाय ते एकदा ठरव."

ती रडायलाच लागली. आठवड्यातले चार दिवस सराव, रविवारी सामना, आणि सामन्यात ती पाण्याच्या बाटल्या भरते. तरी बाबा पहाटे उठून सोडतात, त्यांच्या गाडीच्या काचेवर क्लबचं चित्र आहे, आजोबा फोनवर आधी निकाल विचारतात नि मग तब्येत. मी म्हटलं, मग सरळ सांग की नको म्हणून. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "काकू, 'नको' म्हटलं की कारण विचारतात. ते सांगितलं की समजूत घालतात. मग परत जावं लागतं. गुडघ्याला कोणी समजावत नाही."

 मग बाकीच्याही डोळ्यांसमोर आल्या. ती ताडमाड गोलकीपर. गोल खाल्ला की तिचे बाबा सोमवारपर्यंत तिच्याशी बोलत नाहीत. दुसरी एक, जी विश्रांतीच्या दिवसांत काय करणार विचारलं तर "झोपणार" म्हणाली. मी या पोरींना शेक देत होते आणि त्यांना हवी होती सुट्टी.

चष्मेवालीला सहा आठवडे लिहून दिले. फाइलीत "निरीक्षणाखाली" लिहिलं, जे खोटं नाही. हे बरोबर आहे का, माहीत नाही. माझ्या शिक्षकांना कळलं तर ते माझी पदवी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकतील. पण तिला जाताना पाहिलं आणि वाटलं, गेल्या दोन महिन्यांत पेशंट खरोखर बरा झाला तो हा एकच.

इकडेच कशा येता तुम्ही सगळ्या, असं तिला विचारलं होतं. "माहीत असतं सगळ्यांना," म्हणाली आणि पटकन निघून गेली.

आपली भिंगरी त्यातली नाही हे नशीब. एवढ्या वर्षांत तिने साधी बोटदुखीही सांगितली नाही. फिजिओच्या घरातला गुडघा दुखायची हिंमतच करणार नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सर आले. शिट्टी तोंडात, डोळ्यांखाली काळं. संघात नऊ मुली उरल्यात आणि शेजारच्या क्लबमधून दोन उसन्या आणाव्या लागतायत. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण त्यांनी स्वतःच शोध लावला होता. मैदान कडक आहे, त्यामुळे गुडघे जातायत! समितीने ठराव केला, उद्यापासून मैदान उकरून वाळू घालणार. शिवाय सगळ्यांना गुडघ्याच्या टोप्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे असं.

तोंड उघडायची ही वेळ होती. मी उघडलंही. पण तेवढ्यात ते म्हणाले की समितीने फलकाचं नक्की केलंय, आणि पुढच्या रविवारी मी पालकांसमोर "वाढत्या वयातले गुडघे" या विषयावर बोलावं. उघडलेल्या तोंडाने मी "हो" म्हणाले.

सरांची मान मात्र खरोखर दुखते. दगडासारखी झालीय. मी दाबून दिली तर ते शिट्टी काढून चक्क दहा मिनिटं झोपले. झोपेत वाईट दिसत नाहीत.

२० ऑक्टोबर, रविवार

व्याख्यान झालं. क्लबच्या वरच्या खोलीत, करंडकांच्या कपाटासमोर. मी प्लास्टिकचा गुडघा घेऊन गेले होते. पालक वह्या घेऊन आलेले. ज्यांच्या मुली पूर्ण धडधाकट आहेत अशा चाळीस माणसांना मी तासभर वाटीचा प्रवास समजावला. एका बाबांनी विचारलं, कुठलं तेल चांगलं? गोलकीपरच्या आईने विचारलं, मन लावून खेळलं तर दुखणं कमी होतं का? या प्रश्नाला मी पाणी प्यायले.

भिंगरी शेवटच्या रांगेत होती. मी "शरीर आपल्याला सांगत असतं, आपण ऐकायला हवं" असं म्हणाले, हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं, आणि नेमकी तेव्हा ती उठून गेली. उभं राहून टाळ्या वाजवायला उठली असं मला क्षणभर वाटलं होतं.

फलक लागला. माझ्या आडनावात चूक आहे, पण अक्षरं मोठी आहेत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

निवडीला आठवडा राहिला आणि पोरगी किती मनावर घेतेय! नवरा वर आला आणि म्हणाला, खाली जाऊन बघ, तुझी लेक जिन्यावरून उड्या मारतेय. मी गेले. इमारतीचा मधला जिना, पाच पायऱ्या वरून सरळ खाली फरशीवर, एका पायावर. परत वर, परत उडी. घामाघूम. उडीचा सराव खेळाडू करतात, पण स्वतःहून, सुट्टीच्या दिवशी, असा? मला भरून आलं.

फक्त पद्धत चुकीची होती. पाय ताठ ठेवून धाडकन उतरत होती, अशाने एखाद्या दिवशी खरंच काहीतरी तुटायचं. मी तिला नीट शिकवलं. आधी चवडा, मग टाच, गुडघा वाकवायचा, उतरताना आवाज यायला नको. स्वतः करून दाखवलं, या वयात. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला सगळंच नीट करता येतं ना, आई." अशी दाद तिने किती वर्षांनी दिली. नवरा मात्र वरून कठडा धरून हे बघत होता. रात्री त्याने ताटातलं अर्धं तसंच ठेवलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी दवाखान्यात तीन पेशंट बसले होते. खांदेवाले आजोबा, नणंद, आणि तिसरी भिंगरी. मला वाटलं किल्ली हवी असेल. ती म्हणाली, "नाही. माझा नंबर आला की बोलव." आजोबा तिला पुढे सोडत होते तर तेही नको म्हणाली. नणंदेने मान दुखत असूनही पूर्ण वळवून बघितलं. तिला मी मशीन न लावताच घरी पाठवलं.

भिंगरी आत आली, बूट काढले, टेबलावर आडवी झाली. मी सवयीने विचारलं, "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," ती छताकडे बघत म्हणाली. "तेच तर. मला खेळायचं नाहीये, आई. बाकीच्यांना वाक्य मी दिलं. तुझ्या जाड पुस्तकातून पाठ करून घेतलं सगळ्यांकडून. माझ्यासाठी एकही उरलं नाही. तुला सगळी माहीत आहेत."

मला आधी राग आला, हे लिहून ठेवते. परवावर निवड, फलक, नऊ वर्षं, सगळं एकदम डोक्यात गेलं. आणि तोंडातून पहिला शब्द काय निघाला? "का?" चष्मेवालीने सांगितलं होतं तसंच.

ती कुशीवर वळली. मग म्हणाली, "मला आवडायचं गं. मग मला चांगलं यायला लागलं. तेव्हापासून ते माझं राहिलंच नाही. गोल मारला की मी आधी तुझ्याकडे बघते, टाच बरोबर पडली होती का म्हणून."

मग मला जिना आठवला. मी स्टुलावर बसले. मी विचारलं, त्या दिवशी जिन्यावर... ती म्हणाली, "खरंच काही झालं असतं तर तुला पटलं असतं." आणि मी तिला अलगद कसं उतरायचं ते शिकवलं होतं. चवडा, मग टाच.

मी रडले. पेशंटसमोर रडू नये असा नियम आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून रडले. उत्तम गुडघे, काहीही झालेलं नाही, आणि आयुष्यात कुठल्या निदानाचा एवढा आनंद आणि एवढी लाज मला एकदम वाटली नव्हती. ती उठून बसली आणि माझी पाठ चोळायला लागली. म्हणाली, "पाहिजे तर रविवारी जाते मी." हे ऐकून तर मला स्वतःचीच भीती वाटली. मी म्हटलं, नाही जायचं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला चौथा ड्रायव्हर केव्हाच सापडला होता. मग बोलला का नाहीस, मी ओरडले. म्हणाला, "तू किती खूश होतीस. आणि मलाही वाटत होतं, रविवारपर्यंत ताणू, निवड झाली तर तिचंही मन बदलेल." जिन्यानंतर मात्र तो रात्री झोपला नव्हता. काल त्याने तिला एवढंच सांगितलं होतं की आईला सांग, मी सोबत येतो. ती म्हणाली होती, नको, मी नंबर लावून जाते.

२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी रस्ता ओलांडला. फाटकावर माझं चुकलेलं आडनाव. मैदानात नवी वाळू, आणि तिच्यात सहा मुली गुडघ्यांवर नव्या टोप्या चढवून घोट्यापर्यंत रुतलेल्या. सरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की भिंगरी उद्या येणार नाही, पुढेही नाही.

त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. "गुडघा?"

"नाही."

"मग? चिठ्ठीत काय लिहिणार तुम्ही?"

चिठ्ठी मला सहज लिहिता आली असती. बाकीच्यांना हसत लिहून दिल्या होत्या. वाटीच्या मागे कळ, सहा आठवडे, कोणी ब्र काढला नसता, फलकही राहिला असता. पण मग भिंगरीचं "नको" पुन्हा गुडघ्यातच अडकलं असतं. मी म्हटलं, "चिठ्ठी नाही, सर. तिला काहीही झालेलं नाही. तिला नको आहे."

ते वाळूकडे बघत राहिले. मूर्ख नाहीत ते. एकेक गुडघा मनात उलगडत असणार. बाकीच्या मुलींचं विचारतील म्हणून मी तयारीत होते, की पेशंटबद्दल मी बोलत नाही. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "माझ्यामुळे?"

मी म्हटलं, थोडं तुमच्यामुळे, बरंच माझ्यामुळे. ते वाळूतच खाली बसले. मीही बसले. दोघांनाही उठायला त्रास झाला, त्यांना मानेचा आणि मला गुडघ्याचा. माझा खरोखर दुखतो, उड्या मारून दाखवल्यापासून. फलकाचं काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुली मात्र शिट्टी वाजत नाही म्हणून थांबून आमच्याकडे बघत होत्या.

३ नोव्हेंबर, रविवार

सवयीने पाचला जाग आली. बघते तर नवरा आधीच स्वयंपाकघरात, पँट-शर्ट घालून, बूटसुद्धा. मीही नकळत तयार झाले होते. दोघं समोरासमोर बसलो. बाटल्या भरायच्या नाहीत, गाडी काढायची नाही. नऊ वर्षांत रविवारी आम्ही एकमेकांशी फुटबॉल सोडून काय बोललो ते दोघांनाही आठवेना. शेवटी त्याने नणंदेच्या मानेची चौकशी केली. खेळ तिने सोडला आणि बेरोजगार आम्ही झालो.

आठला फोन वाजू लागले. गोलकीपरच्या आईला विचारायचं होतं, भिंगरीला नक्की काय झालंय. काही नाही, मी सांगितलं, तिला नको होतं. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग त्या हळूच म्हणाल्या, "असं चालतं?" मी म्हटलं, मलाही परवाच कळलं.

भिंगरी अकराला उठली. केस पिंजारलेले, गालावर उशीचा वण. आम्हाला दोघांना बूट घालून बसलेलं पाहून हसली नाही, ही तिची मोठी कृपा. आमच्या मधल्या खुर्चीवर बसली, हाताला लागेल ते खाल्लं. माझ्या तोंडात प्रश्नांची रांग लागली होती. आता काय करणार, पोहायला जाशील का, चित्रकला लावू या का, मोकळी संध्याकाळ वाया घालवायची नाही हं. नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला.

शेवटी मी एवढंच विचारलं, "आज काय करणार आहेस?"

"काही नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली, पुढचं वाक्य कधी येतंय त्याची वाट बघत.

"बरं," मी म्हणाले.

ती आणखी थोडा वेळ थांबली. पुढे "पण" आला नाही, तेव्हा तिने पाय वर घेतले आणि खुर्चीत नीट बसली.